फिरायला वेळ कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणेशोत्सव नुकताच पार पडला होता. महिनाभर ऑफिस सांभाळून वर्गणी, हॉलचे बुकिंग, मुलांच्या नाटकाच्या तालमी आणि प्रसादाचे हिशेब अशा लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या होत्या. बायकोने फारच लकडा लावला म्हणून घुब्रामधल्या आमच्या नेहमीच्या क्लिनिकमध्ये रक्त तपासून घेतले. मल्याळी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "रोज चालता का?" मी अगदी सहज म्हणालो, "वेळ कुठे आहे, डॉक्टर?" ते काही बोलले नाहीत. मान खाली घालून गोळ्या लिहू लागले.

घरी येताना मनात हिशेब केला. आमच्या घरापासून घुब्राचा समुद्रकिनारा गाडीने दहा मिनिटांवर. गेल्या वर्षभरात तिथे किती वेळा गेलो? पाहुणे आले तेव्हा दोनदा. पहाटे भारतातल्या टीमचा फोन, रात्री युरोपातल्या क्लायंटचा आणि मधला उरलेला वेळ मंडळाचा. आपण किती कामाचे आहोत याचा थोडासा अभिमानही त्या "वेळ कुठे आहे?" मध्ये होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याच आठवड्यात गांधीजींची आत्मकथा पुन्हा चाळत होतो. तीत एक प्रसंग असा निघाला की पुस्तक मिटून बसून राहिलो. माझेच उत्तर, जवळजवळ तसेच, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका फार मोठ्या मराठी माणसाने दिले होते. त्या माणसाचे नाव गोपाळ कृष्ण गोखले.

साल १९०२. दक्षिण आफ्रिकेतून आलेले बत्तीस वर्षांचे बॅरिस्टर गांधी कलकत्त्यात महिनाभर गोखल्यांकडे मुक्कामाला होते. गोखले त्यांच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठे, पण गांधींनी त्यांना गुरू मानले होते. गुरूचा दिनक्रम ते बारकाईने पाहत होते. प्रत्येक क्षण देशाच्या कामात, प्रत्येक भेट कामापुरती, गप्पाटप्पांना जागाच नाही. आणि प्रकृतीच्या तक्रारी मात्र सारख्या चाललेल्या. शेवटी शिष्याने धीर करून विचारले की आपण फिरायला का जात नाही? सार्वजनिक काम करणाऱ्याने व्यायामाला वेळच काढू नये काय? गोखल्यांनी उलट विचारले की फिरायला जाता येईल इतका मोकळा मी तुम्हाला कधी दिसतो?

गांधीजींनी गुरूशी वाद घातला नाही. पण पुढे लिहिताना त्यांनी आपले मत स्पष्ट नोंदवून ठेवले आहे. काम कितीही असो, जेवायला जसा वेळ काढतो तसाच व्यायामालाही काढलाच पाहिजे, आणि त्याने कामाची शक्ती घटत नाही, वाढते, असे ते मत. त्या उत्तरानंतर गोखले जेमतेम तेरा वर्षे जगले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे ४८.

आपल्यापैकी बहुतेकांना गोखले शाळेच्या पुस्तकात भेटले ते "नेमस्त पुढारी" म्हणून. टिळक जहाल, गोखले मवाळ, एवढे पाठ करून आपण परीक्षा दिली. या मवाळ माणसाने स्वतःच्या शरीराला मात्र फार कठोरपणे वागवले, हे कोणी सांगितले नाही.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातील कोतळूकचा. घरची गरिबी. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतली आणि विशीतच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. फर्ग्युसन कॉलेजात गणित, इंग्रजी, इतिहास, जो विषय समोर येईल तो शिकवला. अंकगणिताचे पुस्तक लिहिले. त्याच सुमारास न्यायमूर्ती रानड्यांकडे त्यांची दुसरी शाळा सुरू झाली. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक, सरकारी अहवालांतले आकडे, अर्जांचे मसुदे. रानड्यांच्या हाताखाली ही उमेदवारी १९०१ पर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे चालली. रानडे स्वतः अहोरात्र काम करणारे. शिष्याने गुरूकडून अभ्यास घेतला, शिस्त घेतली आणि विश्रांती न घेण्याची सवयही घेतली.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले पहिल्यांदा विलायतेला निघाले. वय ३०. बरोबर दिनशा वाच्छा होते. वाटेत फ्रान्समधल्या कॅले येथे अपघात होऊन त्यांच्या छातीला मार बसला. गोखले हे कोणालाच बोलले नाहीत. दुखणे सोसत लंडन गाठले आणि असह्य झाले तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावणे गेले. पुढे अंथरुणावर पडून सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. ते बरे झाले आणि साक्ष उत्तम दिली. हिंदुस्थानच्या खर्चाचे आकडे एक तरुण प्राध्यापक इतक्या सफाईने मांडतो हे पाहून विलायतेतल्या लोकांनी तोंडात बोटे घातली. पण दुखणे आधी लपवायचे आणि अगदीच नाइलाज झाला की सांगायचे, ही रीत तिथेच पडून गेली.

त्या काळच्या पुण्याचा एक हिशेब मांडून पाहावा. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये गेले, वय ३१. गोपाळ गणेश आगरकर दम्याशी झगडत, त्याही स्थितीत "सुधारक" चालवत, १८९५ मध्ये गेले, वय ३८. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. आणि मग गोखले, ४८. एकाच शहरातली, एकाच संस्थापरिवारात वावरलेली ही माणसे. त्या काळी सरासरी आयुष्यच कमी होते, औषधे नव्हती, प्लेगसारख्या साथी होत्या, हे सगळे खरे. तरीही हा हिशेब मनाला लागतो. महाराष्ट्राने आपली उत्तम डोकी अर्ध्या वाटेवर गमावली.

रानड्यांच्या मागे गोखल्यांचा भार कमी न होता वाढला. १९०२ मध्ये कॉलेजातून निवृत्ती घेतली ती विश्रांतीसाठी नव्हे. त्याच वर्षी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात त्यांचे अंदाजपत्रकावरचे पहिले गाजलेले भाषण झाले. नंतर दरवर्षी अंदाजपत्रक आले की कर्झनसारख्या व्हाइसरॉयसमोर आकड्यांनिशी उभे राहायचे. १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना, त्याच वर्षी बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद, मध्ये मध्ये विलायतेच्या वाऱ्या. १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि त्यासाठी वर्षभर धडपड केली. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. तोपर्यंत मधुमेहाने शरीर चांगलेच पोखरले होते.

आणि अशा स्थितीत, त्याच वर्षी, गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी स्वतः पाहण्यासाठी २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाउनला उतरले. सभा, मानपत्रे आणि भेटीगाठींचा महिनाभर पाऊस पडला. गांधीजी सावलीसारखे बरोबर होते. या दौऱ्यातला टॉलस्टॉय फार्मवरचा प्रसंग गांधीजींनीच लिहून ठेवला आहे. आमच्या विषयाचे मर्म त्यात आहे असे मला वाटते.

जोहान्सबर्गजवळच्या या आश्रमात सगळे साधेपणाने राहत. स्टेशनापासून फार्म दीड मैल. गांधींना वाटले, हवा छान आहे, गोखले चालत येतील. वाटेत पाऊस आला, गोखले भिजले आणि त्यांना थंडी भरली. उतरायची सोय कॅलनबाख यांच्या खोलीत केली होती. स्वयंपाकघरापासून ती दूर, त्यामुळे जेवण पोहोचेपर्यंत निवून जाई. गोखल्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. गांधीजी पाय चेपू का, अंग रगडू का म्हणून विनवीत होते, तर त्यालाही नकार. त्यांच्यासाठी मुद्दाम खाट आणवली होती. बाकीचे सगळे जमिनीवर झोपतात असे कळताच त्यांनी खाट काढायला लावली आणि स्वतःही जमिनीवर पथारी पसरली. वर गांधींना खडसावले की कष्ट सोसण्याचा मक्ता काय तुम्हीच घेतलाय, आणि आम्ही फक्त लाड करून घ्यायला जन्मलो आहोत काय?

वाचताना हसू येते आणि लगेच मन भरूनही येते. गोखले आळशी नव्हते, निष्काळजीही नव्हते. त्यांची अडचण वेगळीच होती. चारचौघांपेक्षा जास्त सोय करून घेणे त्यांना पाप वाटत होते. अंगात थंडी, मधुमेहाने खंगलेले शरीर आणि खाली जमीन, पण बरोबरच्या कार्यकर्त्यांपेक्षा आपल्याला वेगळे काही नको. जो पुढारी स्वार्थी असतो त्याला स्वतःची काळजी घ्या असे सांगावेच लागत नाही. जो खरा असतो त्यालाच ते सांगणे कठीण जाते, कारण त्याला ती काळजी म्हणजे चैन वाटते.

परतीच्या प्रवासात गांधीजी आणि कॅलनबाख बोटीवर झांजिबारपर्यंत त्यांना पोचवायला गेले. आपल्या ओमानच्या अल् बुसैदी घराण्याची शाखा तेव्हा झांजिबारच्या गादीवर होती. मस्कतमध्ये आजही झांजिबारहून आलेली कितीतरी घराणी भेटतात, म्हणून हा तपशील मुद्दाम सांगितला. त्या बोटीवर गोखल्यांनी हिंदुस्थानातल्या एकेका पुढाऱ्याचा स्वभाव गांधींना उलगडून सांगितला. पुढे येणाऱ्या माणसाला ते तयार करीत होते.

त्यानंतर विश्रांती मिळाली का? नाही. १९१२ मध्येच सरकारी नोकऱ्यांविषयीच्या रॉयल कमिशनवर त्यांची नेमणूक झाली होती. अध्यक्ष लॉर्ड इस्लिंग्टन. हिंदुस्थानभर साक्षी, मग लंडनमध्ये बैठका. डॉक्टर विश्रांती सांगत आणि हे कमिशनचे कागद वाचत. १९१४ मध्ये फ्रान्समधल्या व्हिशीच्या झऱ्यांचे पाणी घ्यायला गेले, कारण त्या काळी मधुमेहावर तेवढाच इलाज सुचवला जाई. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि गोखले पॅरिसमध्ये अडकून पडले. त्याच सुमारास त्यांना भेटायला गांधीजी लंडनला पोहोचले होते.

पुढे दोघे लंडनमध्ये भेटले तेव्हा मोठी गंमत झाली. आता आजारी होते गांधीजी. बरगड्यांत दुखणे, आणि आहार म्हणाल तर फळे आणि शेंगदाणे. डॉक्टर जीवराज मेहता धान्य आणि दूध घ्यायला सांगत होते. त्यांच्या बाजूने गांधींच्या मागे लागले कोण, तर गोखले! शिष्याच्या प्रकृतीची ते रोज चौकशी करीत, डॉक्टरांचे ऐका म्हणून आग्रह धरीत. कलकत्त्यातला शिष्य गुरूला फिरायला जा म्हणत होता, लंडनमधला गुरू शिष्याला नीट खा म्हणत होता. दोघांनाही दुसऱ्याचे शरीर देशाच्या कामाचे वाटत होते. स्वतःच्या बाबतीत मात्र हट्ट. आपल्या घराघरांत, आपल्या मंडळांत याहून काय वेगळे चालते?

९ जानेवारी १९१५ ला गांधीजी मुंबईत उतरले. प्रकृती ठीक नसतानाही गोखले त्यांना भेटायला पुण्याहून मुंबईला गेले. नंतर गांधीजी पुण्याला आले तेव्हा भारत सेवक समाजाच्या आवारात छोटीशी पार्टी ठेवली होती. शेंगदाणे, खजूर, फळे, बस एवढेच. गोखल्यांची खोली तिथून चार पावलांवर. आपण गेलो नाही तर बरे दिसणार नाही म्हणून ते उठून आले आणि तिथेच त्यांना घेरी आली. उचलून खोलीत न्यावे लागले. शुद्धीवर येताच निरोप काय पाठवला, तर पार्टी थांबवू नका.

शेवटच्या दिवसांतही काम सुटले नाही. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून हिंदुस्थानला पुढे कोणत्या सुधारणा द्याव्यात याचा मसुदा त्यांनी पेन्सिलीने लिहून काढला. आगाखानांनी तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. "गोखल्यांचे राजकीय मृत्युपत्र" म्हणून तो ओळखला जातो. मसुदा लिहिला आणि काही दिवसांतच सारे संपले. गांधीजी तेव्हा शांतिनिकेतनात होते. सिंहगडावरून टिळक आले आणि आयुष्यभराचे मतभेद बाजूला ठेवून त्यांनी स्मशानात गोखल्यांचा गौरव केला.

टिळक सिंहगडावर होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाने शरीर कमावणारे टिळक. पुढे त्यांनाही मधुमेह झाला, मंडालेचा सहा वर्षांचा तुरुंगवासही वाट्याला आला, पण विश्रांतीसाठी अधूनमधून गडावर जाऊन राहण्याचा शिरस्ता त्यांनी ठेवला. ते ६४ वर्षे जगले.

दुसरे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे. गोखल्यांहून आठ वर्षांनी मोठे, पण एल्फिन्स्टनमधून पदवी घेतली ती त्याच १८८४ साली. १८९१ मध्ये गोखल्यांनीच बोलावून त्यांना फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक केले. म्हणजे दोघे एकाच कॉलेजात, एकाच तुटपुंज्या पगारावर, एकाच त्यागाच्या वाटेवर. अण्णा हिंगण्याहून कॉलेजला चिखल तुडवत पायी जात-येत. त्यांना फिरायला वेगळा वेळ काढावा लागला नाही, कामानेच त्यांना चालवले. एक काम हाती घ्यायचे आणि संथपणे पुढे न्यायचे, ही त्यांची रीत. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. गोखले ज्या वयात गेले त्याच्या पुढे दहा वर्षांनी अण्णांनी आयुष्यातले सर्वांत मोठे काम सुरू केले! १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये १०४ व्या वर्षी ते गेले.

आता कोणी म्हणेल, चालले असते म्हणून गोखले वाचले असते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मधुमेहावरचे इन्शुलिन टोरांटोत पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये, गोखल्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. आयुष्याची दोरी किती लांब हे कोणाच्या हाती नाही. पण काय हरवले, ते तरी पाहावे. गांधींना त्यांनी सांगितले होते की एक वर्ष देश फिरा, पाहा, ऐका, मगच बोला. गांधींनी ते मानले. परंतु ते मुंबईत उतरल्यावर ४१ दिवसांतच गुरू गेला. वर्षभर पाहिले-ऐकलेले ज्याच्यापुढे मांडायचे, तोच राहिला नाही. सरकारलाही ऐकावे लागेल आणि लोकांनाही पटेल असे बोलणारा माणूस नेमका हवा होता तेव्हा नव्हता.

आमच्या संगणकाच्या धंद्यात एक नियम आहे. सगळी यंत्रणा ज्या एका सर्व्हरवर चालते, त्याचा बॅकअप ठेवायचा आणि तो सर्व्हर ठरलेल्या वेळी बंद करून त्याची देखभालही करायची. त्याला कोणी सर्व्हरची चैन म्हणत नाही. गोखल्यांनी कामाचा बॅकअप ठेवला होता. त्यांच्या मागे भारत सेवक समाजाची धुरा श्रीनिवास शास्त्रींनी उचलली आणि संस्था चालू राहिली. देखभालीची वेळ तेवढी राहून गेली.

गोखले कुठे आणि आपण कुठे! ते देशासाठी झिजले, आपण हॉलच्या बुकिंगसाठी. पण परदेशातले मंडळ चालते तेही चार-पाच जणांच्या खांद्यावर, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या तोंडी "वेळ कुठे आहे?" हेच असते. त्यांना आपण टाळ्या देतो, शाल-श्रीफळ देतो. त्यांच्या हातातले एखादे काम काढून घेऊन "आज तुम्ही घरी जा" असे किती वेळा म्हणतो? कॅलेचे दुखणे गोखल्यांनी लपवले खरे, पण पुण्यातल्या त्या पार्टीत सगळ्यांनी त्यांना घेरी येताना पाहिले होते.

यंदाच्या गणेशोत्सवात आम्ही एक साधी गोष्ट केली. प्रत्येक कामाला दोन नावे लिहिली. एक दमला तर दुसरा. काही घोळ झाले, प्रसादाच्या शिऱ्यात एकदा साखर दोघांनीही घातली, पण उत्सव पार पडला आणि कोणी आजारी पडले नाही.

मी स्वतः? ऑक्टोबरपासून, उन्हाचा ताप उतरला की, संध्याकाळी घुब्राच्या किनाऱ्यावर पाऊण तास चालतो. फोन गाडीत ठेवतो. तिथे आपली बरीच मंडळी भेटतात. मागच्या महिन्यात तेच मल्याळी डॉक्टरही समोरून चालत येताना दिसले. त्यांनी हात केला आणि घड्याळाकडे बोट दाखवून हसले.